आर्किमिडीज आणि खरवडलेली पोथी

आर्किमिडीज म्हटलं की आपल्याला तो उघडाच रस्त्यावरून 'युरेका युरेका' ओरडत पळणारा माणूस आठवतो. पण त्याचं जे लिखाण उरलंय त्यात ही गोष्ट कुठेच नाहीये, ती सांगितली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन आर्किटेक्टने, आणि तीही साधारण दोनशे वर्षांनी. पाण्यात वस्तू किती हलकी होते तो नियम मात्र त्याचाच, सिद्धतेसकट.

माणूस सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा, जन्म इ.स.पू. 287 च्या आसपास. वर्तुळाच्या आत-बाहेर 96 बाजूंच्या आकृत्या घेऊन पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) किंमत 3 पूर्णांक 10/71 आणि 3 पूर्णांक 1/7 च्या मधे आहे हे त्याने काढलं, तेव्हा दशांश चिन्हसुद्धा नव्हतं, आपला तर वर्गमुळं काढतानाच जीव गेला असता. पण त्याला स्वतःला कौतुक कशाचं, तर चेंडू आणि त्याला घट्ट बसणारा सिलिंडर, चेंडूचं घनफळ सिलिंडरच्या बरोबर दोन तृतीयांश. हेच चित्र थडग्यावर हवं असं त्याने सांगून ठेवलेलं म्हणे. इ.स.पू. 212 मधे रोमनांनी शहर घेतलं त्यात तो मारला गेला, आणि इ.स.पू. 75 मधे सिसेरो हा रोमन वक्ता तिकडे अधिकारी होता तेव्हा त्याला ते थडगं काट्याकुट्यांत सापडलं, गाववाल्यांना पत्ताच नाही!

लिखाणाची गतही तीच. कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) 10व्या शतकात चामड्यावर उतरवलेली एक प्रत 1229 मधे खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या, चामडं महाग, दुसरं काय. 1906 मधे हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने भिंग लावून प्रार्थनांखालची गणितं वाचली तेव्हा आर्किमिडीजने एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाला लिहिलेला 'पद्धत' हा ग्रंथ हाती लागला, जो दुसरीकडे कुठेच टिकलेला नाही. त्यात आर्किमिडीज सरळ सांगतो की आकृतीचे पातळ काप करायचे, ते मनातल्या मनात तराजूत तोलायचे, उत्तर आधी कळतं, सिद्धता मग सावकाश. चेंडूचं ते दोन तृतीयांशही त्याला असंच सापडलेलं. इंटिग्रेशनच्या (बारीक बारीक तुकडे जोडून क्षेत्रफळ-घनफळ काढायच्या गणिताच्या) इतक्या जवळ, न्यूटनच्या जवळपास 1900 वर्षं आधी!

नंतर पोथी पुन्हा गायब. 1998 मधे न्यूयॉर्कच्या लिलावात 20 लाख डॉलरला गेली, मग बाल्टिमोरच्या म्युझियममधे तिच्यावर काम चाललं. मधल्या काळात कुणीतरी काही पानांवर सोनेरी चित्रंही रंगवून ठेवलेली, त्यामुळे शेवटी शाईतलं लोखंड एक्स-रेने शोधून खालची अक्षरं वाचावी लागली.