स्वादुपिंडदाहावरील वैद्यकीय चाचण्या : शोध आणि सहभाग (कोल्हापूर परिसर)

स्वादुपिंडाला सूज येण्याच्या आजारावर कोणता उपचार खरोखर गुण देतो, हे रुग्णांच्या संमतीने तपासणाऱ्या अभ्यासांची माहिती मिळवणे आणि त्यांत सामील होणे, हा या नोंदीचा विषय. कोल्हापूर, सांगली भागात या अभ्यासांना सरसकट ‘ट्रायल’ म्हणतात आणि आजाराला केसपेपरवरचेच नाव, ‘पॅनक्रियाटायटिस’. आजार तीव्र आहे की जुनाट, यावर सहभागाची सगळी रीत ठरते. जुनाट आजाराचा रुग्ण चाचणी शोधू शकतो. तीव्र आजारात चाचणीच रुग्णाच्या खाटेशी येते आणि निर्णयाला काही तासच मिळतात.

तीव्र स्वादुपिंडदाहाची मुख्य कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि दारू; रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, फार वाढल्यानेही तो होतो. वरच्या पोटात उठून पाठीत घुसणारी कळ, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडातील पाचकरस) नेहमीच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट असणे आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसणारी सूज, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान होते. या सुजेवर थेट लागू पडते असे ठोसपणे सिद्ध झालेले औषध आजही नाही. सलाईन, वेदनाशामके, लवकर सुरू केलेला आहार आणि गुंतागुंतीवर लक्ष, एवढ्यावरच उपचार चालतो. म्हणून सलाईन किती द्यावे यासारखा साधा वाटणारा प्रश्नही चाचणीचा विषय होतो. ‘वॉटरफॉल’ या चाचणीत स्पेन, भारत, इटली व मेक्सिको येथील 18 केंद्रांवरचे 249 रुग्ण होते. भरपूर सलाईन दिलेल्यांपैकी 20.5 टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्यांपैकी 6.3 टक्क्यांच्या. त्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘जितके जास्त सलाईन तितके चांगले’ ही जुनी समजूत त्यातून ढासळली.

या चाचणीत कळ सुरू झाल्यापासून 24 तासांच्या आत रुग्णालय गाठलेलेच रुग्ण घेतले होते. आपल्याकडे नेमके इथेच गाडे अडते. चंदगड किंवा राधानगरीकडचा माणूस रात्री कळ उठली की आधी पित्त समजून गोळी घेतो, सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतो आणि कोल्हापुरात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. अशा वेळी संमती बहुधा नातेवाइकाच्या हातात येते. कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या मुलासमोर आठ-दहा पानांचे माहितीपत्रक धरले जाते. आत वडील कण्हत असतात आणि तो शेवटच्या पानावर सहीची जागा शोधत असतो. “दादा, सही नंतर. आधी एवढं ऐकून घ्या, आणि नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाही,” हे वाक्य त्या क्षणी बोलणारा डॉक्टर किंवा समन्वयक भेटणे फार मोलाचे असते. रुग्ण शुद्धीवर असेल, बोलू शकत असेल, तर विचारायचे त्यालाच. तो तशा अवस्थेत नसेल तरच कायद्याने मान्य असलेल्या नातेवाइकाची संमती चालते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा.

चाचणीत गेल्यावर नवे ते चांगलेच मिळेल, असे नसते. नेदरलँड्समधील एका चाचणीत आजार गंभीर होईल असा अंदाज असलेल्या तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक्स, म्हणजे उपयुक्त समजले जाणारे जिवाणू दिले होते. 2008 साली निष्कर्ष आले तेव्हा प्रोबायोटिक्स घेतलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण 16 टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात 6 टक्के. त्या रुग्णांमुळे पुढचे असंख्य लोक त्या घातक उपचारापासून वाचले. सहभागाचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे उदाहरण सांगितले गेले पाहिजे, घाबरवण्यासाठी नव्हे, तर धोका कशाला म्हणतात ते कळावे म्हणून.

जुनाट स्वादुपिंडदाहात शोधाला वेळ असतो. भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, रोजच्या बोलण्यात ‘सीटीआरआय’. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीत ती 20 जुलै 2007 रोजी सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांची नोंद 15 जून 2009 पासून सक्तीची आहे, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हावी लागते. पाहायला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही. आजाराचे इंग्रजी नाव टाकले की यादी येते. मात्र तिच्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, नुसती निरीक्षणे असतात, आयुर्वेदाचे अभ्यासही असतात, म्हणून शीर्षकावर थांबू नये. आधी भरती चालू आहे की संपली ते पाहावे. मग केंद्रांच्या पत्त्यांत कोल्हापूर, मिरज, सांगली, पुणे, मुंबई यांपैकी काय दिसते ते पाहावे. त्याच नोंदीत रुग्णांच्या चौकशीसाठी संपर्काची व्यक्ती, कोणाला घेणार व कोणाला वगळणार याच्या अटी आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हित व हक्क पाहणाऱ्या समितीची, मान्यता असते. परदेशी चाचण्या अमेरिकेच्या नोंदवहीत सापडतात, पण कोल्हापूरच्या रुग्णाला त्यांचा उपयोग बहुतेक वेळा माहितीपुरताच.

आपल्या भागातील रुग्णांनी सामील होणे का गरजेचे, हे अँटिऑक्सिडंट्सच्या, म्हणजे पेशींची झीज रोखतात असे मानल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वादी पोषकद्रव्यांच्या, कथेतून कळते. दिल्लीच्या एम्समध्ये जुनाट स्वादुपिंडदाहाच्या 127 रुग्णांवर सेलेनियम, क व ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन आणि मेथिओनिन यांची चाचणी झाली. 2009 च्या निष्कर्षात वेदना कमी झाल्याचे आढळले. इंग्लंडमध्ये अशाच चाचणीत, 2012 साली, फायदा दिसला नाही. तिथले बरेच रुग्ण दारूमुळे आजारी झालेले होते. भारतात मात्र दारूला शिवलाही नाही अशा तरुणांत, ठोस कारण सापडत नसताना स्वादुपिंडात खडे होतात आणि पुढे मधुमेह जडतो. दुसऱ्या देशातल्या रुग्णांवर काढलेले उत्तर इथे तसेच्या तसे लागू पडत नाही.

चौकशीला जाताना फाईल पूर्ण हवी. पिशवीतून सीटीच्या फिल्म निघतात, पण पहिल्या झटक्याचे डिस्चार्ज कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते. पहिला झटका कधी, त्या वेळी लायपेज किती, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नलिकेवर केलेली प्रक्रिया) किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) झाला का, मधुमेह कधीपासून, हे तारखांसह विचारले जाते. दारू आणि तंबाखूबद्दल खरे सांगावे. खोट्या उत्तराने रुग्णालाही धोका होतो आणि निष्कर्षही बिघडतो.

सहभाग सुरू झाल्यावर वेदनेला 0 ते 10 मधला आकडा द्यायला सांगतात. “लई दुखतंय” म्हणणाऱ्या आजोबांना तो आकडा कसा काढायचा ते सोबतच्या माणसाने आधी घरी समजावून द्यावे. जेवणाची वही ठेवायला लावली तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा दिवसही तीत उतरला पाहिजे, कारण स्निग्ध पदार्थांचा हिशेब त्यात असतो. पचनासाठी दिल्या जाणाऱ्या पाचकरसाच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी जैन व लिंगायत कुटुंबांना आणि मुस्लिम रुग्णांना हे संमतीआधी कळायला हवे, विचारायला संकोचू नये. तपासणीच्या तारखाही आधी जुळवाव्यात. गळीत हंगामात ऊस तोडणाऱ्याला किंवा गुऱ्हाळावर राबणाऱ्याला पुण्याची फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणे, तेव्हा प्रवासखर्च मिळतो का हे माहितीपत्रकात शोधावे आणि नसेल तर विचारावे.

नव्या औषधांच्या चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. त्यांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत होतात, चाचणीमुळे कायमची हानी किंवा मृत्यू झाल्यास भरपाई द्यावी लागते आणि गंभीर घटना 24 तासांत कळवावी लागते. केंद्राची स्वतःची एथिक्स कमिटी नसेल तर त्याच शहरातील किंवा 50 किलोमीटरच्या आतील कमिटीची मान्यता चालते. कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येते. चाचणीत घेण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, विशेषतः स्टेम सेलच्या नावाखाली, तर तिथून उठावे. स्वादुपिंडदाहावर तो उपचार विकायला भारतात परवानगी नाही.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. तिच्यावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये त्याच दिवशी साठवून ठेवावा.