लॉजचे जुने बिल्ले आणि पट्टे मेंबर नसताना घालावेत का: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत एस्टेट सेलला, म्हणजे कुणाच्या घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढतात तिथे, जाणाऱ्या आपल्या लोकांना कधी ना कधी हे दिसतंच, मखमली कॉलर, जरीची झालर, रिबिनीला लटकणारा बिल्ला, आणि मग प्रश्न पडतो की आपण हे घातलं तर चालेल का. हे सामान फ्रीमेसन आणि तसल्या लॉजवाल्या संघटनांचं, म्हणजे स्वतःचे विधी, पोशाख आणि चिन्हं असलेल्या, मेंबरांनी एकमेकांना भाऊ मानून मदत करायच्या संघटना; त्यांची गावातली शाखा म्हणजे लॉज.

साधारण १८७० ते १९२० हा त्यांचा भरभराटीचा काळ. कोलंबस, सिनसिनाटी, कलामाझू अशा शहरांत हाच माल बनवणाऱ्या कंपन्या होत्या, कॅटलॉग छापायच्या आणि देशभरातून ऑर्डरी घ्यायच्या. त्यातले बरेच बिल्ले दोन्ही बाजूंनी लावता यायचे, एका बाजूला लाल किंवा निळी रिबीन, ती मिरवणुकीसाठी, आणि उलटी केली की काळी, तिच्यावर चंदेरी अक्षरांत ‘इन मेमोरियम’, ती मेंबरच्या अंत्ययात्रेला लावायची. नुसती भारी दिसते म्हणून काळी बाजू वर करून पार्टीला जाणं मला अजिबात पटत नाही.

बिल्ल्याला तेव्हा खरी किंमत होती. आजारपणात पैसे, अंत्यसंस्काराचा खर्च, परक्या गावात गेलं तर तिथल्या लॉजची मदत, हे सगळं मेंबर असण्यावर अवलंबून होतं, त्यामुळे खोटे मेंबर बनून पैसे उकळणारेही निघाले. मग बऱ्याच राज्यांनी कायदे केले की मेंबर नसताना चिन्ह लावलं तर गुन्हा. इथपर्यंत ठीक होतं.

पण हा ‘मेंबर नाही’ मुद्दा पुढे कुणावर उगारला गेला ते नीट सांगायला हवं, कारण एटिकेटच्या चर्चेत ते हमखास गळतं. गोऱ्यांच्या संघटना काळ्या लोकांना आत घेत नव्हत्या, म्हणून त्यांनी तसंच नाव, तसेच विधी, तसेच बिल्ले घेऊन स्वतःच्या समांतर संघटना उभ्या केल्या. त्यावर गोऱ्या संघटना कोर्टात गेल्या की हे आमचं नाव आणि आमची चिन्हं वापरतात. जॉर्जियातली एक केस १९१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली आणि निकाल काळ्या संघटनेच्या बाजूने लागला, पण त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने दुसऱ्या एका काळ्या संघटनेला नाव वापरायला मनाई केली. मग श्राइनर्सची, म्हणजे गोंड्याची लाल फेझ टोपी घालणाऱ्या संघटनेची केस. काळ्यांची श्राइनर्स संघटना १८९३ पासून उघडपणे चालू होती, तरी टेक्सासच्या कोर्टांनी निकाल गोऱ्यांच्या बाजूने दिला, तो सुप्रीम कोर्टाने फिरवला १९२९ मध्ये. कारण काय दिलं, तर तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, आता तक्रारीला उशीर झाला. चिन्हावर दोघांचा सारखाच हक्क आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. निकाल बरोबर होता पण कारण अपुरं होतं असं मला ठामपणे वाटतं, ज्यांनी दार बंद ठेवलं त्यांनीच ‘तुम्ही आमच्यातले नाही’ म्हणून केस लावायची हा अन्याय त्यात तसाच अनुत्तरित राहिला.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १९२९ ची मंदी आली, मग १९३५ ला सरकारी पेन्शनचा कायदा झाला, लॉजच्या मदतीची गरज कमी झाली, मेंबर म्हातारे झाले, हॉल विकले गेले आणि ट्रंका भरभरून सामान जुन्या बाजारात आलं. आता तर घरबसल्या ऑनलाइन लिलावात मिळतं.

आज संकेत साधारण असा धरतात की भिंतीवर लावा, नाटकात वापरा, पण कोटाच्या कॉलरवरची छोटी पिन आणि अंगठी रोज घालू नका, कारण ती बघून समोरचा मेंबर खरंच भाऊ समजून बोलायला येतो. मला हे पटतं, फसवणूक तिथेच होते, कापडाने होत नाही. मात्र टोकदार टोपीचा झगा असेल तर घालून रस्त्यावर जाऊच नका, लोकांना त्यात वेगळीच हिंसक संघटना, कू क्लक्स क्लॅन, दिसते आणि दिसणारच. लॉजच्या पोशाखातली तलवार मिळाली तर पातं नीट बघा, त्यावर बऱ्याचदा मूळ मालकाचं पूर्ण नाव कोरलेलं असतं. तसं असेल तर विकायच्या आधी त्या गावातल्या लॉजला किंवा त्या घरच्यांना एकदा विचारा.