रंग मरत नाही, चिकटतो
आमच्या इंदूरच्या रामबागेत हा समज जुनाच: रंगाच्या पाण्यात सोयाबीनचा भुसा टाका, रंग मरतो, पाणी शुद्ध होतं, भुसा खुशाल कुंडीत घाला. नाही हो! रंग मरत नाही, भुशाला चिकटतो. माशांच्या टाकीत घालतात त्या मिथिलीन ब्लूचा एक थेंब ग्लासभर पाण्यात टाका, धुतलेला भुसा घालून ढवळत राहा. पाणी फिकं पडेल, भुसा निळा होईल. या रंगाचे कण धनभारित, भुशाचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित, म्हणून ही ओढ. ॲसिड रंग, म्हणजे लोकर-रेशीम रंगवायचे रंग, मात्र ऋणभारित. ते साध्या भुशाला फारसे चिकटत नाहीत. विरघळलेले क्षारही पाण्यातच राहतात, तेव्हा नितळ दिसलं तरी पिऊ नका. आणि तो निळा भुसा तुळशीला तर मुळीच नको. भुसा कुजला की धरलेला रंग मातीत सुटू शकतो.