ऑडिओ वॉकचं संगीत: आधी घड्याळ, मग नकाशा

हेडफोन लावायचे, फोनवरचं अ‍ॅप सुरू करायचं आणि शहरातल्या ठरावीक भागातून चालू लागायचं. कोपरा वळलं की व्हायोलिन मागे पडतात, पुलाखाली शिरलं की एक खर्जातला स्वर जवळ येतो. ऑडिओ वॉकचं हे रूप आता बऱ्याच महोत्सवांत दिसतं. त्यामागचा प्रश्न मात्र स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. ऐकणारा एका जागी बसलेलाच नसेल, तर संगीत किती वेळ चालणार, कशानंतर काय येणार, हे ठरवणार कोण? संगीतकार, की चालणाऱ्याचे पाय?

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅक्स न्यूहाउस या तालवादकाने या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिलं. कार्यक्रमाला आलेल्या लोकांच्या हातावर त्यांनी ‘लिसन’, म्हणजे ‘ऐका’, असा शिक्का मारला आणि त्यांना रस्त्यावर नेलं. चौदाव्या रस्त्यावरच्या वीजकेंद्राची घरघर, महामार्गावरची वाहनं, वस्तीतला गलबला हाच कार्यक्रम होता. चालताना ऐकू येणारा एकही स्वर त्यांनी रचलेला नव्हता. त्यांनी रचला होता तो फक्त रस्ता. ऑडिओ वॉकच्या इतिहासात याचा उल्लेख हमखास होतो. पण माझ्या मते त्यांचं पुढच्याच वर्षीचं काम जास्त महत्त्वाचं. बफेलो शहरातल्या एका रस्त्याच्या कडेने त्यांनी कमी ताकदीचे रेडिओ ट्रान्समीटर बसवले. प्रत्येक ट्रान्समीटरचा आवाज वेगळा, आणि त्यांची क्षेत्रं एकमेकांत मिसळलेली. गाडीतला रेडिओ लावून तिथून जाणाऱ्याला त्याच्या वेगानुसार आणि दिशेनुसार वेगळं संगीत ऐकू येई. जीपीएसवर चालणाऱ्या आजच्या रचनांचा पाया तिथे, जीपीएसच्या कितीतरी आधी, तयार होता.

साधारण त्याच काळात कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये संगीतकार आर. मरे शेफर आणि त्यांचे सहकारी शहराच्या आवाजांची नोंद करत होते. त्यांच्यापैकी हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी १९७४ साली साउंडवॉकवर लेख लिहिला, आणि कान उघडे ठेवून चालणं ही एक शिस्त बनली. १९८९च्या ‘किट्स बीच साउंडवॉक’ या ध्वनिमुद्रित रचनेत त्या समुद्रकिनाऱ्यावरचे बारीक आवाज ऐकवता ऐकवता सांगतात की, मागची शहराची गर्जना स्टुडिओत गाळून टाकता येते, आणि खरोखरच ती गाळून दाखवतात. शहर किती आत घ्यायचं आणि किती बाहेर ठेवायचं, हा रचनेचाच निर्णय असतो, हे त्या कृतीत स्पष्ट ऐकू येतं.

मग १९७९ साली सोनीचा वॉकमन आला. चालता चालता स्वतःपुरतं संगीत ऐकणं रोजचं झालं. पहिल्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन जागा होत्या, शिवाय संगीत मंद करून मायक्रोफोनमधून शेजारच्याशी बोलण्यासाठी एक बटण होतं. कान बंद करून हिंडणं लोकांना विचित्र वाटेल, अशी धास्ती तेव्हा बनवणाऱ्यांनाही होती. कलावंतांच्या दृष्टीने वॉकमनमुळे रस्त्यावर हवा तो आवाज नेता आला, पण कॅसेटचं घड्याळही सोबत आलं. फीत पुढे सरकतच राहते. सिग्नलला अडकलात, बुटाची नाडी बांधायला थांबलात, की संगीत पुढे जातं आणि तुम्ही मागे राहता.

कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ यांनी १९९१मध्ये तिथल्या बॅन्फ इथे केलेल्या पहिल्या वॉकपासून या अडचणीवर सुंदर उपाय शोधला. ध्वनिमुद्रणात त्यांच्या स्वतःच्या पावलांचा आवाज असतो आणि ऐकणाऱ्याने त्याच चालीने चालायचं असतं. पाऊल हाच ठेका. शिवाय हे मुद्रण बायनॉरल पद्धतीचं, म्हणजे दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून केलेलं. एका बाजूने येणारा आवाज दुसऱ्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा पोचतो आणि त्यावरूनही मेंदू दिशा ठरवतो. हे मुद्रण तो फरक टिपतं. त्यामुळे मागून आलेली सायकल खरी की मुद्रित, हे पटकन कळत नाही. १९९९ साली लंडनच्या व्हाइटचॅपल ग्रंथालयापासून सुरू होणाऱ्या त्यांच्या ‘द मिसिंग व्हॉइस’मध्ये ही सरमिसळ फार प्रभावी आहे. वेळ मात्र अजून कलावंताच्याच हातात होती.

ती चालणाऱ्याच्या हाती देणारं एक काम २००३ साली लंडनमध्येच झालं. एम११ महामार्गाच्या जोडरस्त्यासाठी शेकडो घरं पाडली गेली होती. ग्रेम मिलर या कलावंताने त्या मार्गालगत ट्रान्समीटर बसवले. त्यांतून तिथल्या जुन्या रहिवाशांचे आवाज संगीतात विणलेले ऐकू येतात. श्रोता रिसीव्हर घेऊन चालतो, आवाज शोधतो, हवा तितका वेळ थांबतो. ‘लिंक्ड’ हे या कामाचं नाव, आणि या संपूर्ण परंपरेत मला सर्वाधिक जवळचं वाटतं ते हेच. इथे संगीत रस्त्याची शोभा वाढवायला आलेलं नाही. त्या रस्त्याने काय गिळलं ते त्याच रस्त्यावर ऐकवायला आलेलं आहे.

दरम्यान मे २०००मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरच्या आसपासची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली, आणि ट्रान्समीटर न लावताही जागेला आवाज बांधणं शक्य झालं. २००४ साली ब्रिस्टलच्या क्वीन स्क्वेअरमध्ये १८३१च्या दंगलीवरचं श्राव्यनाट्य अशाच पद्धतीने सादर झालं. चौकात जिथे जाल तिथला प्रसंग कानावर पडे. सुरुवातीच्या अशा कामांत शब्दांवर भर होता, आणि त्याला कारण आहे. वाक्य मध्येच तुटलं तरी कान सांभाळून घेतो. स्वरावली मध्येच तुटली की खटकते.

हिशोब करून पाहिला की अडचण कळते. माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. एका आवाजाला बांधलेला वीस मीटरचा पट्टा तो सोळा सेकंदांत ओलांडतो. अर्ध्या मिनिटाची धून तिथे पूर्ण होऊच शकत नाही. त्यात उंच इमारतींवर उपग्रहांचे संदेश आपटून परततात, त्यामुळे उभा माणूसही नकाशावर रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो आणि संगीत दोन तुकड्यांमध्ये हेलकावे खातं. म्हणून संगीतकारांनी पट्टे मोठे ठेवले, कडा एकमेकांवर चढवल्या आणि एक आवाज विरून दुसरा येण्याला भरपूर अवधी दिला. शेजारच्या पट्ट्यांतले स्वर एकमेकांशी जुळणारे निवडले. ठाम ताल टाळला किंवा सगळीकडे एकच ठेवला, कारण दोन लयी एकमेकींवर आल्या की गोंधळ होतो. लांब, सावकाश बदलणारे स्वर या प्रकारात इतके का आढळतात, याचं हे सरळ कारण आहे. आवडीनिवडीचा भाग त्यात असेलही, पण गरज आधीची.

ही कारागिरी व्हिडिओ गेमकडे आधीपासून होती. लुकासआर्ट्स या गेम कंपनीची आयम्यूझ ही प्रणाली १९९१मध्येच खेळाडूच्या हालचालीप्रमाणे संगीताचे थर वर-खाली करत होती. तिथूनच हा विचार पुढे आला: संगीताची एक लांब पट्टी लिहायची नाही, सुटे थर लिहायचे आणि ते नकाशावर मांडायचे. २०११ साली ब्लूब्रेन या भावांच्या जोडीने वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलसाठी असा संपूर्ण अल्बम अ‍ॅपच्या रूपात काढला. त्या परिसराबाहेर तो ऐकताच येत नसे. २०२०च्या शरद ऋतूत, सभागृहं बंद असताना, संगीतकार एलन रीड यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी केलेल्या ‘साउंडवॉक’मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या वादकांचं वादनही होतं. पुढे लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कसह इतर उद्यानांसाठीही या रचनेची रूपं तयार झाली.

जर्मन ध्वनिकलावंत क्रिस्टिना कुबिश यांचे ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ या सगळ्यापासून जरा बाजूला पडतात. त्यांच्या हेडफोनमध्ये तारेची वेटोळी असतात. एटीएम, दुकानांची सुरक्षादारं, ट्राम यांची विद्युतचुंबकीय क्षेत्रं थेट ऐकू येतात. संगीत शहरात भरलेलंच आहे, फक्त योग्य कान हवा, हा न्यूहाउस यांचा आग्रह इथे पुन्हा भेटतो.

आज डोकं वळवलं तरी आवाज आपल्या जागी स्थिर ठेवणारे इअरफोन सर्रास मिळतात. एखादा स्वर समोरच्या कमानीलाच टांगलेला वाटावा, इतकं ते साधतं. पण तेच इअरफोन बाहेरचा आवाज पूर्ण पुसूही शकतात, आणि संगीतकारांमधला खरा मतभेद त्यावर आहे. काहींना पूर्ण ताबा हवा असतो. काही जण कान उघडे ठेवणारी साधनं मागतात, आणि रस्ता ओलांडायच्या जागी संगीत मुद्दाम विरळ करतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे. शहर पुसून टाकायचं असेल, तर चालायला बाहेर पडण्याची गरज उरत नाही.

जतन हा प्रश्न अजून सुटायचा आहे. कार्डिफ यांचा वॉक जिथून सुरू व्हायचा ते व्हाइटचॅपल ग्रंथालय २००५मध्ये बंद झालं आणि ती इमारत शेजारच्या कलादालनात सामावली गेली. फोनची प्रणाली बदलली की अ‍ॅप निकामी होतं. म्हणून काही संगीतकार आता सुटे थर, पट्ट्यांचे नकाशे आणि ते एकमेकांत कसे मिसळावेत याच्या सूचना असं सगळं एकत्र जपून ठेवतात, म्हणजे अ‍ॅप गेलं तरी रचना पुन्हा उभी करता येईल.