सोफा ते भिंत : एचडी टीव्हीच्या मागची गोष्ट

टीव्ही बसवायला आलेला मुलगा खोकं उघडण्याआधी भिंतीवर बोटांची पेरं आपटून पाहतो. टणक आवाज आला तर काँक्रीट, बद्द आला तर ब्लॉक. मग खिशातून टेप काढून विचारतो, "काका, तुम्ही बसता कुठे?"

दुकानात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथे बोलणं इंचांचं, हप्त्यांचं आणि एक्स्चेंजमध्ये जुन्या सेटचे किती मिळतील याचं. पण एचडी, म्हणजे बारीकसारीकही स्पष्ट दाखवणाऱ्या टीव्हीचा जन्मच मुळात त्या मुलाच्या प्रश्नातून झाला आहे.

१९६४चं टोकियो ऑलिंपिक आटोपलं आणि जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या पिढीच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं. हे काम पुढे ताकाशी फुजिओ यांच्या नेतृत्वाखाली झालं. सुरुवात यंत्रापासून नव्हे, माणसाच्या डोळ्यापासून झाली. पडदा किती मोठा आणि किती लांब असला म्हणजे आपण चौकटीतलं चित्र पाहतोय हे माणूस विसरतो? उत्तर साधारण असं निघालं : पडद्याच्या उंचीच्या तिपटीवर बसावं, म्हणजे चित्र नजरेचा तीसेक अंशांचा पट्टा व्यापतं. एवढ्या जवळून पाहिलं तर जुन्या टीव्हीचं चित्र ज्या आडव्या रेघांनी बनतं त्या उघड्या पडतात, म्हणून रेघा वाढवायच्या. त्यातून ११२५ रेघांची जपानी पद्धत आली. आज आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्यातल्या १०८० दिसणाऱ्या रेघा त्याच हिशेबात बसतात. निरोगी डोळ्याला त्या एकेक वेगळ्या ओळखू येण्याची हद्द पडद्याच्या उंचीच्या सुमारे सव्वातीन पटींवर संपते. रेघांचा आकडा आधी ठरला आणि अंतर मागाहून, असं झालेलं नाही. अंतर आधी होतं.

पडद्याच्या आकाराचीही गंमत आहे. जपान्यांनी आधी रुंदी-उंचीचं प्रमाण ५:३ धरलं होतं. अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने १९८०च्या दशकात जुन्या टीव्हीपासून रुंद सिनेमापर्यंतच्या सगळ्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या कापून एकमेकींवर ठेवल्या. त्या सगळ्यांना सामावणारी बाहेरची चौकट आणि सगळ्यांमध्ये मावणारी आतली चौकट, दोन्हींचं प्रमाण १६:९ भरलं. म्हणजे ही तडजोडच. कुठलंच जुनं चित्र त्यात नेमकं बसत नाही आणि कुठलंच फार वाईट दिसत नाही.

जपानची पद्धत ॲनालॉग होती. १९९०मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकी कंपनीने एचडी चित्र संपूर्ण डिजिटल करून नेहमीच्या वाहिनीच्या जागेत बसवता येईल असा प्रस्ताव मांडला आणि खेळच पालटला. १९९६च्या डिसेंबरात अमेरिकेने डिजिटल मानक स्वीकारलं.

आपल्याकडे या सगळ्याची झळ फार उशिरा लागली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. चित्र ६२५ रेघांचं, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. टीव्ही बसवणं म्हणजे तेव्हा गच्चीवरचं काम. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, चपटी वायर, वर एक माणूस, खाली सेटजवळ एक आणि मध्ये जिन्यात निरोप्या. पुण्यात सांगाड्याचं तोंड सिंहगडाकडे, कारण प्रक्षेपणाचा मनोरा तिथे. पडद्यावर मुंग्या आल्या की दोष कावळ्याचा नाही तर वाऱ्याचा. १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंग आले, नव्वदीत गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबू लागल्या, नोव्हेंबर २०१२पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढच्याच वर्षी पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांतही. अँटेनावाल्याचं गच्चीवरचं कसब मागे पडलं आणि सगळं काम हॉलमधल्या भिंतीशी आलं.

एचडीची तोंडओळख २०१०ची. त्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. सपाट टीव्ही त्याआधीच घराघरांत शिरू लागले होते, बहुतेक ३२ इंची आणि त्यावर 'एचडी रेडी'चा शिक्का. हा शिक्का युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेने २००५मध्ये आणला. त्यासाठी किमान ७२० रेघा पुरत. आपल्याकडच्या ३२ इंचींत ७६८ असत. फुल एचडी नव्हेच, पण 'रेडी' या शब्दाने अनेकांची समजूत पटली.

इथे थोडं गणित करू. ३२ इंची सपाट पडद्याची उंची जेमतेम पावणेसोळा इंच. आधीच्या २९ इंची डब्याचं चित्र त्याहून उंच असायचं! म्हणून नवा टीव्ही लागल्यावर आजी म्हणायची, "माणसं लहान झाली." बरोबरच होतं तिचं. आता दहा फुटी हॉल घ्या. सोफ्याची खोली वजा जाता डोळ्यांपासून भिंत साडेसात-आठ फुटांवर. तिथून ३२ इंचीवर साधं चित्र आणि एचडी यांतला रेघांचा फरक चांगल्या डोळ्यालाही फारसा कळत नाही. फुल एचडीचे पैसे वसूल व्हायचे तर तिथे साठ इंचांच्या वरचा पडदा हवा. ५५ इंचीची उंची २७ इंच, म्हणजे त्याच्यापासून पावणेसात फुटांवर बसलं पाहिजे. फोर-के, म्हणजे दुप्पट रेघांचा, घेतला तर यातलं अंतर निम्मं. सव्वातीन-साडेतीन फुटांवर कोण बसतं? तरी माझं मत विचाराल तर हॉलच्या मानाने पडदा लहान घेण्याची चूक जास्त घरांत झालेली आहे.

दुसरी चूक पिनांची. एचडी चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं एचडीएमआय हे मानक २००२च्या डिसेंबरात आलं. पण आमच्या ओळखीच्या एका घरात एचडी टीव्हीला एचडी बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी जोडलेला होता, तब्बल चार वर्षं. पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. दर महिन्याला एचडी पॅकचे पैसे मात्र जात होते.

टीव्ही भिंतीवर चढला तो प्लाझ्मा या सपाट पडद्याच्या तंत्रामुळे. हे तंत्र १९६४मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मलं आणि १९९७च्या सुमारास ४२ इंची होऊन बाजारात आलं. सेट जड होता, पण जाडीला कमी. आजही टीव्हीच्या पाठीला चार भोकं असतात. त्यांची अंतरं व्हेसा या संघटनेने ठरवून दिली आहेत : २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिलिमीटर असं काहीतरी. त्यामुळे ब्रॅकेट कोणाचंही चालतं. भिंत मात्र कोणतीही चालत नाही.

त्या मुलाचं भिंत ठोकणं इथे कामाला येतं. वाडा असो की चाळ, जुन्या भिंती विटांच्या. ड्रिल मारा, गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोका, स्क्रू आवळला की गिट्टी फुगून घट्ट बसते. नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, त्यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हे तंत्र स्वीडनमधलं, आणि पुण्यात ते बांधकाम व्यावसायिक बी. जी. शिर्के यांनी आणलं. ब्लॉक बुडबुड्यांनी भरलेला असतो. त्यात साधी गिट्टी फुगली की भोवतालचा चुराच होतो. तिथे लांब नायलॉनची खास गिट्टी लागते, नाही तर आरपार बोल्ट. हॅमर मोडवर, म्हणजे ठोके देत, ड्रिल लावणारा आला तर त्याला नम्रपणे चहा देऊन थांबवावं.

उंचीचं दुखणं वेगळंच. बिल्डर टीव्हीचा पॉइंट अनेकदा पाच-साडेपाच फुटांवर ठेवतो. माझ्या मते ही चाळीतली सवय. सेट शोकेसवर उंच ठेवायचा, कारण जमिनीवर पंधरा जण आणि खिडकीत आणखी पाच. आता चौघं सोफ्यावर बसतात आणि त्यांचे डोळे साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य तिथे किंवा थोडा वर हवा. पण पॉइंट वर असला की टीव्हीही वरच लागतो, आणि मग मानेला उशी.

आमच्या फ्लॅटमध्ये तर आणखी एक भर. भिंतीत वायरींसाठी पाइप होता, पण पाऊण इंची आणि मध्ये दोन वळणं. केबलची वायर त्यातून सहज गेली असती. एचडीएमआयचं डोकं पहिल्याच वळणाला अडकलं ते ना पुढे ना मागे. शेवटी भिंतीवरून पट्टी मारली, पांढरी, अजून आहे.

गेल्या महिन्यात भाचीच्या नव्या घराचं काम पाहायला गेलो. भिंती उघड्याच होत्या. तिला सांगून टीव्हीमागून खालच्या कपाटापर्यंत दोन इंची पाइप टाकून घेतला आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली. गवंड्याने विचारलं, "दोरी कशाला?" म्हटलं, "राहू दे. टीव्हीवाला येईल तेव्हा ओढेल."