गोवर ओळखायला रक्त कशाला काढतात?

गोव्यातल्या वाळपई किंवा पेडण्याच्या आरोग्य केंद्रात ताप आणि पुरळ घेऊन आलेल्या मुलाचे रक्त काढायचे म्हटले, की घरच्या आजीला ते पटत नाही. गोवर आहे हे तिला दिसतेच आहे. उशाशी कडुलिंबाची डहाळी ठेवली की झाले. तिचे अगदीच चुकते असे नाही. गोवर घरोघरी होता तेव्हा खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि कानामागून सुरू होऊन अंगभर उतरणारे पुरळ एवढ्यावरून केलेले निदान बहुधा बरोबर निघे. १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक यांनी गालाच्या आतले पांढुरके ठिपके दाखवून दिल्यावर पुरळ उठण्याआधीही रोग ओळखता येऊ लागला. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयातून, म्हणजे आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) पूर्वजातून, शिकून गेलेल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी याच खुणांवर काम भागवले.

रोग रक्तात असावा हा संशय मात्र जुना. एडिंबराच्या फ्रान्सिस होम यांनी १७५८ च्या सुमारास गोवराच्या रोग्यांचे रक्त मुलांच्या कातडीला चरे पाडून त्यांत घातले. देवीसारखीच टोचणी करून सौम्य आजार द्यावा आणि संरक्षण मिळवावे, हा बेत. आज कोणतीही नैतिकता समिती त्यांना दारातही उभे करणार नाही. पण रोगाचे बीज रक्तात असते, हे त्यातून पुढे आले. ते बीज प्रत्यक्ष हाती यायला १९५४ उजाडले. बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत साथ आली असताना जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून विषाणू वाढवला. १९६३ ची लस त्याच वाणापासून आली.

विषाणू प्रयोगशाळेत वाढू लागला, तसा रक्ताला विचारायचा प्रश्नही बदलला. विषाणू शोधत बसण्याऐवजी शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्याला अडवणारी प्रथिने, तयार केली का, हे पाहता येऊ लागले. गोवराचा विषाणू माकडाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. रोग्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यासारख्या भागात, प्रतिपिंडे असली तर गुठळ्या होत नाहीत. सीरम पातळ करत करत हा परिणाम कुठवर टिकतो ते मोजायचे. अडचण एकच, पण मोठी: नमुने दोन लागत, एक आजारात आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. प्रमाण चौपट वाढले तर गोवर. तोवर मूल बरे होऊन अंगणात खेळत असे.

१९७१ मध्ये आलेल्या एलायझा तंत्राने हे बदलले. नव्या संसर्गात आधी दिसणारी आयजीएम प्रतिपिंडे त्यात रंगाच्या बदलावरून ओळखता येतात, आणि एकाच नमुन्यावर भागते. तरी घाई नडते. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत साधारण चौथा हिस्सा खरे रोगीही निगेटिव्ह येतात. म्हणून शंका असल्यास पुन्हा रक्त घेतात. नमुना पुरळापासून २८ दिवसांपर्यंत चालतो. सीरम वेगळे करून थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ मध्ये आली, दुसरा डोस २०१० पासून. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले त्यात आली. गोवर विरळ झाला, आणि आजीची नजर तिथेच अपुरी पडू लागली. आता पुरळ दिसले तर रुबेला, डेंगी, पार्व्हो विषाणू, एखाद्या औषधाची ॲलर्जी असे बरेच काही असू शकते.

गंमत अशी की रोग विरळ झाला की रक्ततपासणीवरचा भरवसाही घटतो. समजा, तपासणी गोवर नसलेल्या शंभरांपैकी तिघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. हजार पुरळवाल्या मुलांत खरे गोवराचे दहाच असतील, तर त्या दहांच्या जोडीला जवळपास तीस खोटे पॉझिटिव्ह निघतील. शिवाय नुकतीच लस घेतलेल्या मुलाच्या रक्तातही आयजीएम सापडते. म्हणून आता रक्तासोबत घशाचा स्वॅबही घेतात. पीसीआरने त्यात विषाणूचा अंश सापडला तर त्याचा जनुकीय प्रकार काढता येतो: लसीचा 'ए', तर जगात सध्या फिरणारे मुख्यतः 'बी३' आणि 'डी८'. बाराही महिने परगावचे लोक येत-जात असलेल्या गोव्यात विषाणू कुठून आला याचा माग लावायला हाच धागा उपयोगी पडतो.