भयचित्रांतला संयम: १९५४ च्या संहितेला किती श्रेय द्यायचं?

भयचित्रातली सूचकता कुठून आली, हा विषय निघाला की हटकून १९५४ चा उल्लेख होतो. सरकारी कायदा येण्याआधीच अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी त्या वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेतं, रक्तपिपासू पिशाच्चं, नरलांडगे, प्रेतभक्षक या सगळ्यांवर बंदी आली. अंकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्दही चालेनासे झाले. संहितेच्या शिक्क्याविना अंक काढणं गुन्हा नव्हता, पण बहुतेक वितरक असे अंक उचलत नसत. त्यामुळे भयकॉमिक्स जवळजवळ संपली.

त्याआधी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे झालेली सुनावणी गाजली होती. एका मुखपृष्ठावर माणसाच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं मुंडकं होतं. हे अभिरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर प्रकाशक म्हणाला की भयकॉमिकचं मुखपृष्ठ म्हणून आहे. त्याच्या मते मुंडकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर ते अभिरुचीहीन ठरलं असतं. या उत्तराची भरपूर टिंगल झाली. मला मात्र त्यात चित्रकाराच्या रोजच्या कामातला खरा प्रश्न दिसतो. चौकट नेमकी कुठे कापायची, यावरच भयानक आणि बीभत्स यांतली सीमा ठरते.

संहितेने चित्रकारांना संयम शिकवला, हे म्हणणं मला पटत नाही. स्पेनमधल्या एका वृद्ध चित्रकाराने १८१९ ते १८२३ च्या दरम्यान स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांपैकी एकात कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं. वर सगळी मातकट पिवळी पोकळी. १९२२ च्या जर्मन मूकपटात जिना चढते ती सावली. १९४२ च्या एका कमी खर्चाच्या अमेरिकन चित्रपटात पोहण्याच्या तलावाभोवती गुरगुर ऐकू येते आणि भिंतीवर सावल्या हलतात. १९५४ च्या खूप आधीच ही जाण होती.

संहितेनंतरच्या अंकांतले राक्षस मोठे झाले, पण भीती गेली. ती परतली १९६४ मध्ये, मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांतून. मासिकांना संहिता लागू नव्हती. रंग नसल्याने तिथे सगळी मदार काळ्या-पांढऱ्यावर होती, आणि पातळ शाईच्या करड्या छटांनी अंधाराला खोली आली. १९७१ मध्ये पिशाच्चं आणि नरलांडग्यांना अभिजात साहित्याच्या वळणाने का होईना, परवानगी मिळाली. चालती प्रेतं १९८९ पर्यंत बाहेरच राहिली. २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही शिक्का सोडला.

अडचणीतून संयम येतो, हे नाकारता येत नाही. १९७५ च्या चित्रपटातला यांत्रिक शार्क बिघडत राहिला, म्हणून पाणी आणि संगीतावर भिस्त ठेवावी लागली. १९९९ च्या एका जपानी व्हिडिओ गेममधलं धुकं यंत्राला दूरचं दृश्य रेखाटता येत नाही हे लपवण्यासाठी होतं. पण तिथे तोडगा चित्र घडवणाऱ्यांनीच काढला. बंदीच्या यादीतून काय काढू नये एवढंच कळतं, काळोख कुठे ठेवायचा ते कळत नाही.

ते कळतं उजवीकडून डावीकडे वाचल्या जाणाऱ्या जपानी भयकॉमिक्समध्ये. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी काहीतरी पाहतं. काय पाहिलं ते पान उलटल्यावर उजवीकडे. मोबाइलवरच्या उभ्या कॉमिक्समध्ये पान उलटायचं नसतं, म्हणून चित्रकार दोन चौकटींमधली रिकामी जागा लांबवतात.